कर्ता शोधा

खानापुरात स्टेशन रोडला, सायकल दुकानाच्या माडीवर
माझं दोन कॉम्प्युटरचं डीटीपी.
एकावर मराठी, एकावर कन्नड,
मधे एकच पंखा, तो वळेल तिकडचे कागद उडतात.

निवडणूक लागली की उमेदवार येत नाही,
त्याचा भाचा येतो.
पेनड्राइव्ह ठेवतो, चहा सांगतो,
म्हणतो, मजकूर जुनाच आहे, जरा गरम करून दे.
गरम करणं मला येतं.
'पूल मंजूर आहे' तला 'आहे' काढून एक 'च' लावला
की पूल होणारच.
वर उद्गारचिन्ह दिलं
तर पलीकडच्या वाड्यातली पोरं पुलावरून शाळेला जायलाही लागतात,
कागदावर.
मलप्रभा खालून वाहते. तिला वाचता येत नाही.

कन्नडची बाजू ईरण्णा हंचिनमनी बघतो.
मराठी पत्रकात सीमेवरचा माणूस आहे, त्याचं रक्त आहे, मान आहे.
कन्नड पत्रकात नाडू आहे, नुडी आहे,
सीमा कुठंच नाही.
फोटो मात्र तोच, हात जोडलेला.
आम्ही दोघंही दोन्ही वाचतो
आणि एकमेकांकडं बघत नाही.
मग त्याच्या डब्यातली अर्धी रोट्टी माझ्याकडं सरकते.

खाली निंगाप्पा धामणेकरची रिक्षा, टपावर कर्णा.
माझीच वाक्यं गावभर फिरून परत येतात,
ओळखू येत नाहीत, अंगानं भरलेली असतात.
परवा गर्लगुंजीच्या सभेत सगळं भाषण मराठीत
आणि शेवटी एकदम,
"पाणी बेकू की ब्याड?"
सगळी मराठी तोंडं: "बेकू!"
मीही ओरडलो.
पाण्याला ब्याड कोण म्हणणार?
आणि पाणी कधी, कुठनं, हे विचारायला
त्या प्रश्नात जागाच ठेवली नव्हती.

भरमाण्णा मास्तरांनी मला सातवीला व्याकरण शिकवलं.
आता ते पत्रकं गोळा करतात,
देवळाच्या कट्ट्यावरची, भज्यांखालची, कुंपणात अडकलेली,
आणि तांबड्या पेनानं तपासून माझ्या टेबलावर ठेवतात.
'निधी आणण्यात आला.' कोणी? कर्ता शोधा.
'काही चुका झाल्या.' चुका काय पावसाळ्यातल्या अळंब्या काय गा, आपोआप उगवायला? कर्ता शोधा.
'जनतेला वाटतं.' कुठल्या गल्लीतल्या?
'होणारच.' नुसता खिळा ठोकून भिंत उभी राहत नाही.
मागच्या खेपेला दहापैकी दोन दिले,
तेही छपाई स्वच्छ म्हणून.

या वेळी रात्री दीडला, लाईट जाऊन आल्यावर,
'आपला विकास, तुमची साथ' असं होतं ते
माझ्या बोटांतून
'आमचा विकास, तुमची साथ' होऊन गेलं.
पाच हजार प्रती.
भाच्यानं वाचलं, मान हलवली, पैसे अर्धे दिले.
निंगाप्पा दोन दिवस तेच ओरडत फिरला.
कुणाला काही टोचलं नाही.

ईरण्णाला सांगितलं तर तो हसला.
आमच्यात ही चूक करताच येत नाही, म्हणाला,
नम्म म्हणजे आमचा, नम्म म्हणजे आपलाही,
दाराच्या आत कोण नि बाहेर कोण
ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.
थोडं थांबून म्हणाला,
आणि ऐकणारा दर वेळी स्वतःला आतच धरतो.

मास्तर आले तेव्हा मी स्क्रीनकडंच बघत राहिलो.
पत्रक ठेवून ते कठड्याला धरत जिना उतरले.
बाकी सगळीकडं तांबडं होतं.
त्या एका ओळीखाली रेघ नव्हती.
समासात, वहीत द्यायचे तसं, बारीक अक्षरात:
शुद्ध. कर्ता सापडला.

संध्याकाळी भाच्याचा फोन,
आणखी दोन हजार पाहिजेत, जसं आहे तसंच.
मी फाईल उघडली.
ईरण्णा पंख्याखाली कागदांवर वजनं ठेवत होता.
'आमचा' पाशी कर्सर
उघडझाप करत राहिला.